पुरात बुडालेल्या मोटारी आणि चिपळूणचे एक रिवाइंडिंग वर्कशॉप

पिठाच्या गिरणीची मोटार बिघडली तर ती उघडून पाहणारा माणूस चिपळुणात एरवी कोणत्याही दिवशी सापडतो. परंतु २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी बाजारपेठेत एक झाले, आणि गिरण्या, वखारी, बेकऱ्या, लेथ व विहिरींचे पंप यांच्या मोटारी एकाच सकाळी त्याखाली गेल्या, तेव्हा मोटार कोणाकडे न्यावी हा प्रश्न साधा राहिला नाही. रिवाइंडिंग म्हणजे मोटारीच्या आतल्या जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळणे. ते काम करणाऱ्या ज्या वर्कशॉपने त्या दिवसांत माझ्या गिरणीची यंत्रे हाताळली आणि त्यानंतरही ज्याच्याशी माझा अनेकदा संबंध आला, त्याच्या कामाविषयी मी हे लिहीत आहे. मालकांनी नाव छापू नका असे बजावले आहे. मे महिन्यात त्यांच्याकडे मोटार ठेवायला जागा उरत नाही, आणि नाव वाचून कोणी गुहागर-देवरुखहून टेम्पो करून आला तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे त्यांना आवडत नाही. त्यामुळे येथे मी त्यांचा उल्लेख केवळ ‘काका’ असा करीन. बाजारपेठेतल्या कोणत्याही गिरणीवाल्याला ‘मोटार भट्टीत भाजून कोण देतो’ असे विचारले तर पत्ता मिळतो.

आमची गिरणी माझ्या सासऱ्यांनी सुरू केली आणि गेली अनेक वर्षे ती मी चालवते. गव्हा-तांदळाच्या जात्याला १० अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार, मसाला कांडपाला ५ अश्वशक्तीची आणि मागच्या विहिरीवर १ अश्वशक्तीचा सिंगल-फेज पंप, एवढा आमचा पसारा आहे. परीक्षण समजून घेण्यासाठी हे तीन आकडे ध्यानात ठेवावेत, कारण तिन्ही यंत्रे एकाच पुरात बुडाली आणि तिघांविषयी काकांनी तीन वेगळे निर्णय दिले.

त्या पहाटेविषयी चिपळूणकरांना काही सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी थोडे लिहिणे भाग आहे. आदल्या संध्याकाळपासून घाटमाथ्यावर आणि खाली शहरात पाऊस थांबतच नव्हता. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे समुद्राला उधाणाची भरती होती. चिपळूण समुद्रकिनाऱ्यावर नसले तरी दाभोळच्या खाडीची भरती गोवळकोटपर्यंत चढते, आणि वरून येणाऱ्या पाण्याला भरतीच्या वेळी पुढे वाट मिळत नाही. त्यातच वाशिष्ठी ही नुसती पावसाची नदी नाही. सह्याद्रीपलीकडच्या कोयना धरणाचे पाणी पोफळी आणि कोळकेवाडीच्या वीजगृहांतून फिरून याच नदीत येते. कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असे पश्चिमेकडे वळवण्याची मर्यादा ठरवून दिली आहे, आणि वीज तयार करून सोडलेले ते अवजल बारमाही आमच्या पुलांखालून वाहते. त्या रात्रीच्या विसर्गाचा पुराशी किती संबंध होता यावर शहरात आणि सरकारी कागदांवर बराच वाद झाला. मी गिरणीवाली आहे, त्या वादाचा निकाल देणे माझे काम नाही. नदीच्या आणि शिव नदीच्या पात्रात वर्षानुवर्षे साचलेला गाळ मात्र आम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेला होता.

पाणी पहाटेच्या अंधारात आले. एसटीच्या आगारात व्यवस्थापक आणि कर्मचारी प्रवाशांच्या तिकिटांची सुमारे ९ लाखांची रोकड घेऊन गाडीच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले, हे नंतर सगळ्या महाराष्ट्राने वाचले. बहादूरशेख नाक्याजवळच्या वाशिष्ठीवरील जुन्या पुलाचा भाग खचला आणि मुंबई-गोवा महामार्ग तुटला, कोकण रेल्वेच्या गाड्या चिपळूण-कामथे दरम्यान थांबल्या, वीज गेली, फोन बंद पडले. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, म्हणून वाचलो. खाली गिरणीत पाणी छपराच्या तुळईला हातभर कमी असे पोचले.

येथे आमच्या एका शहाणपणाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण काकांच्या पुढच्या सगळ्या कामाचा धागा तिथेच आहे. २६ जुलै २००५ च्या पुरातही गिरणी बुडाली होती. तेव्हाची पाण्याची खूण सासऱ्यांनी भिंतीवर तेलरंगाने आखून ठेवली आणि त्या खुणेच्या वर वीतभर येईल असा चिऱ्याचा ओटा बांधून दोन्ही मोटारी त्यावर चढवल्या. त्यानंतर सोळा पावसाळे आम्ही निर्धास्त झोपलो. बाजारपेठेत असे ओटे, असे माळे आणि अशा खुणा पुष्कळांकडे होत्या. व्यापाऱ्यांनी त्या रात्री माल २००५ च्या रेषेवर नेऊन ठेवला आणि तिथेच तो भिजला. २०२१ च्या पाण्याने ती रेषा केव्हा ओलांडली हे अंधारात कोणाला दिसलेही नाही.

पाणी ओसरले तेव्हा गिरणीत गुडघाभर गाळ होता. त्या गाळात डिझेल, सांडपाणी, कुजलेले धान्य आणि कोणाच्या तरी दुकानातली औषधे असे सर्व होते. गव्हाची पोती फुगून फुटली होती. आमच्या घरात एक चूक झाली ती मी लपवत नाही. आमच्या वाडीला तात्पुरती वीज मिळाल्याबरोबर माझ्या दिराने, मोटार वरून कोरडी दिसते म्हणून, कांडपाच्या मोटारीचे बटण दाबून पाहिले. एक आवाज आला, जळका वास सुटला आणि मोटार कायमची गप्प झाली. मोठी मोटार त्याने चालू केली नाही, ते केवळ त्या जात्याचा पट्टा गाळात अडकलेला होता म्हणून.

काकांचे वर्कशॉप शहराबाहेर चढावर आहे. २००५ पर्यंत ते बाजारात होते. त्या पुरात त्यांची स्वतःची भट्टी आणि तारेची रिळे गेली, तेव्हा त्यांनी भाड्याच्या जागेचा मोह सोडून गावाबाहेर पत्र्याची शेड घातली. म्हणून २०२१ मध्ये त्यांची भट्टी कोरडी राहिली आणि आमच्या कामी आली. मी टेम्पोतून दोन्ही मोटारी आणि पंप घेऊन गेले तेव्हा शेडबाहेर चिखलाने माखलेल्या मोटारींची रांग रस्त्यापर्यंत लागली होती. काकांनी माझ्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, “वहिनी, चालू करून बघितलीत का?” मोठी केली नाही आणि लहान केली, असे मी खरे सांगितले. “मोठी वाचेल. लहानीचं गुंडाळायला लागेल.” मोटार न उघडता त्यांनी सांगितलेले हे निदान पुढे तंतोतंत खरे ठरले. आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. सोबत माझे पती आणि दीर दोघेही होते, पण गिरणी मी चालवते हे कळल्यावर काका पुढचे सगळे माझ्याशीच बोलले. यंत्राच्या दुकानात हा अनुभव बाईला रोज येत नाही.

काम कसे होते ते सविस्तर लिहिते, कारण गावोगावी पूर येतात आणि पुष्कळ माणसे आमच्या दिराप्रमाणेच वागतात. बुडालेल्या मोटारीचा पहिला शत्रू पाणी नव्हे, तर गाळ आणि घाई. काकांनी रांगेतल्या प्रत्येकाला एकच सूचना दिली की, मोटार उन्हात वाळवत ठेवू नका. चिखल वाळला की तो तारांच्या वेढ्यांत सिमेंटसारखा बसतो, म्हणून नंबर येईपर्यंत तिच्यावर स्वच्छ पाणी ओतत राहा. पुराच्या आठवड्यात स्वच्छ पाणी कोठून आणायचे हा मोठाच प्रश्न होता. विहिरी गढूळ झाल्या होत्या आणि टँकरचे पाणी पिण्यासाठीही पुरत नव्हते. आम्ही पागोळीखाली पिंपे लावली आणि त्या पाण्याने मोटार दिवसातून दोनदा धुतली. धो-धो पावसाने बुडालेल्या गावात मोटार धुवायला पुन्हा पावसाचीच वाट पाहावी लागली.

नंबर आल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंची झाकणे काढून रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बाहेर घेतला, स्टेटरच्या, म्हणजे तारांचे वेढे असलेल्या स्थिर भागाच्या, खाचांतला गाळ हलक्या धारेने धुतला आणि स्टेटर भट्टीत घातला. भट्टी म्हणजे आतून पत्रा लावलेली विटांची कोठी आहे. तीत हीटर आहेत आणि तापमान ८०-९० अंशांच्या आसपास राखलेले असते. त्याहून अधिक तापवले तर तारेवरचे आवरणच सुटते, असे त्यांचे म्हणणे. दीड दिवसाने बाहेर काढून मेगर लावला. तारेच्या आवरणातून वीज कोठे गळते आहे का, ते मेगर दाखवतो. माझ्या मोठ्या मोटारीचा आकडा पहिल्या वेळी पुरेसा आला नाही, म्हणून ती पुन्हा भट्टीत गेली. दुसऱ्या वेळी समाधानकारक आकडा आल्यावर वार्निशमध्ये बुडवून पुन्हा भाजली, दोन्ही बेअरिंगे नवी घातली आणि मोटार उभी राहिली. वेढे तसेच राहिले, तांब्याची तार वाचली. लहान मोटारीचे वेढे मात्र जळाले होते. ते काढून तिचे नवे रिवाइंडिंग करावे लागले. विहिरीच्या पंपाचे त्यांनी काही घेतले नाही. “याला जेवढा खर्च घालाल त्यात थोडे भर टाकलेत तर नवा येतो,” असे सांगून त्यांनी तो उलट टेम्पोत ठेवायला लावला. स्टार्टर, एमसीबी आणि कपॅसिटर यांविषयीही त्यांचा आग्रह होता की, बुडालेली स्विचगियर धुऊन वापरू नये. आमचा स्टार्टर वरून नव्यासारखा दिसत होता, तरी तो त्यांनी माझ्यासमोर उघडला आणि आत संपर्काच्या तुकड्यांवर चढलेली हिरवट माती दाखवली, म्हणून तो टाकायला माझा हात तयार झाला.

पैशांचे सांगायचे तर मोठ्या मोटारीचे धुणे, भाजणे, वार्निश आणि बेअरिंगे मिळून २,८०० रुपये झाले. लहान मोटारीच्या रिवाइंडिंगला ६,२०० रुपये लागले, कारण त्या वर्षी तांब्याचा भाव चढलेला होता. नवी १० अश्वशक्तीची मोटार घेतली असती तर तिलाच २५,००० रुपयांच्या वर लागले असते. मुळात ती मिळालीही नसती. आमच्याकडचा असा माल बहुधा घाटावरून येतो, आणि त्याच आठवड्यात कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरही बुडाले होते. एका घरगुती उपकरणांच्या सेवा केंद्राने आमचा फ्रिज न उघडताच ‘बदला’ असे सांगितले होते. तो सल्ला कदाचित बरोबरही असेल, पण फ्रिज उघडून न पाहता दिलेला असल्याने त्यावर विश्वास बसला नाही. काकांनी ज्या वस्तू टाकायला सांगितल्या, त्या टाकण्याचे कारण प्रत्येक वेळी हाताने दाखवले, हा मला दोन्ही सेवांतला मुख्य फरक वाटतो.

भट्टीपाशी थांबले असताना मला वारंवार आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची आठवण होत होती. १८६४ मध्ये स्थापन झालेले हे वाचनालय २००५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाण्यात गेले, आणि हजारो ग्रंथ भिजून लगदा झाले. मोटारीला दुसऱ्यांदा वार्निश लावता येते. वाचनालयात नातवासाठी पुस्तके बदलून आणण्याचा माझा गुरुवारचा नेम त्या गुरुवारीच तुटला. हे विषयांतर झाले, पण त्या शेडमध्ये रांगेत उभे असलेल्या प्रत्येकाच्या मनात आपापले न वाचणारे काहीतरी होते, आणि काकांच्या ‘वाचेल’ या शब्दाला त्यामुळेच इतके वजन आले होते.

आता तक्रारी. आठ दिवसांत देतो असे म्हणालेली मोटार एकोणिसाव्या दिवशी मिळाली. १० सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती, मोदकाच्या पिठासाठी गिऱ्हाईक दारात उभे होते आणि आम्ही तांदूळ धुऊन-वाळवून बसलो होतो, म्हणून तो उशीर सोसवला नाही. वीजपुरवठा अधूनमधून जात असल्याने भट्टी सलग तापत नव्हती हे मान्य, परंतु हे फोन करून सांगता आले असते. काका कामात असताना फोन उचलत नाहीत, आणि ते नेहमीच कामात असतात. पावती मागितल्यावर पहिल्यांदा वहीचा फाडलेला कागद मिळाला. जीएसटीचे बिल हवे असेल तर आधीच सांगावे लागते.

याहून गंभीर एक गोंधळ झाला. रांगेतल्या मोटारींवर नावे खडूने लिहिलेली होती आणि धुण्यात खडू पुसला. मोटार आमचीच मिळाली, पण तिच्यावर बसवलेली पट्ट्याची पुली दुसऱ्या कोणाची तरी, आमच्या पुलीपेक्षा मोठी आली. त्यामुळे जाते वाजवीपेक्षा जोरात फिरू लागले आणि पीठ गरम येऊ लागले. दोन दिवसांत गिऱ्हाइकांनी सांगितले की भाकरी थापताना तुटते. तापलेल्या पिठाची विरी जाते हे गिरणीवाल्याला सांगावे लागत नाही, पण कारण पुलीत आहे हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले. काकांनी चूक मान्य केली, स्वतः येऊन पुली बदलली आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर त्यांच्याकडे पत्र्याचे कोरलेले बिल्ले आले आहेत. ते तारेने मोटारीला बांधतात, आणि बिल्ल्याचा जोड गिऱ्हाइकाला देतात. पुढच्या खेपांत गोंधळ झाला नाही.

दुरुस्तीइतकीच त्यांच्या एका कागदाची मदत झाली. सरकारने जाहीर केलेल्या मदतीत दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी मर्यादा होती, आणि पंचनाम्यात यंत्रसामग्रीच्या रकान्यात काय लिहायचे हे आमच्यासारख्यांना उमगत नव्हते. विम्याचेही तसेच. आगीच्या विम्यात वादळ-पूर यांचे संरक्षण आहे का, हे अनेकांनी पॉलिसी पहिल्यांदा उघडून तेव्हा वाचले. आमच्याकडे ते होते, तरी सर्वेक्षकाने मोटार पाण्याने बिघडली याचा पुरावा मागितला. काकांनी प्रत्येक मोटारीच्या पाटीवरचा क्रमांक, अश्वशक्ती, उघडल्यावर आत काय दिसले आणि मेगरचा आकडा किती आला, हे चार ओळींत स्वच्छ अक्षरांत लिहून सही केली. पंपाविषयी ‘दुरुस्ती परवडणार नाही’ असेही लिहिले. त्या कागदावर आमचा दावा पुढे सरकला. या लिखाणाचे त्यांनी कोणाकडूनही पैसे घेतल्याचे मी ऐकलेले नाही.

ज्या कामासाठी मी हे परीक्षण लिहायला बसले ते मात्र यानंतरचे आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही ओटा आणखी उंच करायचे ठरवले. तोवर चिपळूणकरांनी गाळासाठी केलेल्या आंदोलनानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढण्याचे काम सुरू झाले होते, आणि दुसरीकडे जलसंपदा विभागाच्या, बांधकामावर बंधने आणणाऱ्या निळ्या-लाल पूररेषांनी शहराचा मोठा भाग आपल्या आत घेतल्याने नवे बांधकाम करायचे की नाही यावर गल्लोगल्ली चर्चा होती. गिरणी त्या रेषांच्या आतच येते. मी काकांना ओट्याच्या उंचीविषयी विचारले. त्यांनी विचारले, किती उंच करणार? २०२१ च्या खुणेच्या वर, असे मी म्हणाले. त्यावर ते जरा हसले आणि म्हणाले, “तुमच्या सासऱ्यांनी पण असंच केलं होतं ना?”

त्यांनी सुचवलेला उपाय असा होता की ओटा आहे तेवढाच ठेवायचा आणि मोटार सुटी करायची. एरवी गिरणीची मोटार बोल्टांनी पक्की बसवलेली, तिच्या पेटीत तारा स्क्रूने जोडलेल्या आणि पट्टा ताणलेला असतो. गंजलेले बोल्ट रात्री अडीच वाजता बॅटरीच्या उजेडात कोणी काढत नाही. काकांनी मोटारीखाली सरकणारे लोखंडी पाय बसवले, जेणेकरून एक बोल्ट फिरवला की पट्टा सैल होतो. चारही बोल्ट एकाच पान्याचे आणि गंज न धरणारे लावले. स्क्रूच्या जोडणीऐवजी कारखान्यात असतो तसा पाच पिनांचा प्लग आणि सॉकेट बसवले, म्हणजे स्टार्टर बंद करून, मेन स्विच खाली करून प्लग ओढला की मोटार विजेपासून मोकळी. फेजांचा क्रम प्लगमध्ये ठरलेला असल्याने परत लावताना जाते उलटे फिरण्याची भीती नाही. वरच्या तुळईला त्यांनी एक आकडा वेल्डिंग केला आणि साखळीची पुली घ्यायला लावली, कारण १० अश्वशक्तीची ओतीव मोटार ७० किलोच्या आसपास भरते आणि ती जिन्यावरून दोन माणसांनी उचलणे म्हणजे एखाद्याचे बोट चिरडणे. आकडा जिन्याच्या पोकळीवर येईल असा धरल्यामुळे मोटार थेट वरच्या मजल्यावर जाते. या सगळ्या कामाला, साखळीची पुली सोडून, ४,५०० रुपये लागले.

विचार करा, मोटारी गुंडाळण्यावर ज्याचे पोट आहे त्याने हा उपाय गिऱ्हाइकाला द्यावा. बाजारातल्या आणखी काही गिरण्यांनीही तो करून घेतला आहे आणि त्यांतल्या कोणाचीही मोटार पुरासाठी म्हणून पुन्हा त्यांच्याकडे जाण्याचे कारण उरलेले नाही. मी हे त्यांना बोलून दाखवले तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही, शेजारच्या पोऱ्याला ग्रीसचा डबा आणायला सांगितले.

उपायात त्रुटी नाहीत असे नाही. पाच पिनांचा चांगला प्लग स्वस्त नसतो, आणि पिठाची धूळ त्यात शिरते, म्हणून तो महिन्यातून एकदा पुसावा लागतो. सरकते पाय पक्क्या बैठकीपेक्षा अंमळ जास्त थरथरतात. पहिल्या दोन महिन्यांत आम्हाला बोल्ट दोनदा आवळावे लागले. साखळीची पुली ओढायला जोर कमी लागतो, पण वेळ लागतो, आणि ती एकट्याने ओढताना मोटार गिरकी घेते, म्हणून खाली दोरी धरायला दुसरे माणूस हवेच. जातेही उरतेच. ते दगडाचे असल्याने बुडले तरी धुऊन चालते, मात्र त्याची बेअरिंगे आणि ग्रीस बदलावे लागतात. तेव्हा गिरणी पूर्ण वाचते असे कोणी समजू नये, तिच्यातला सर्वांत महागडा भाग वाचतो.

दर मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही मोटार एकदा खरोखर काढून वर नेतो आणि परत लावतो. पहिल्या वर्षी पन्नास मिनिटे लागली, आता पंचवीस लागतात. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोक्याची ७ मीटर आहे. आमच्या घरी असे ठरले आहे की ५ मीटर ओलांडल्याचा निरोप आला की जाते थांबवायचे, मग दारात गिऱ्हाईक असो वा नसो. पुरानंतरच्या एका पावसाळ्यात रात्री दहाला तसा निरोप आला. मी, दीर आणि शेजारचा मुलगा, तिघांनी दोन्ही मोटारी वर घेतल्या, पहाटेपर्यंत जागलो, आणि पाणी गिरणीच्या पायरीपर्यंतही आले नाही. सकाळी साडेआठला जाते पुन्हा फिरत होते. २००५ मध्ये दीड महिना आणि २०२१ मध्ये सव्वा महिना बंद राहिलेल्या गिरणीसाठी ही एका रात्रीची जाग महाग म्हणता येत नाही. ज्याने हे काम सर्वांत जास्त केले त्या दिराने त्या रात्री मेन स्विच स्वतः खाली केला आणि प्लग काढण्यापूर्वी दोनदा तपासला.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. मोटार नेण्याआधी तिच्या पाटीचा फोटो घेऊन ठेवावा आणि पुली, चावी व बोल्ट घरीच काढून ठेवावेत. एप्रिल अखेरपर्यंत गेलात तर चार-पाच दिवसांत काम होते, मृगानंतर गेलात तर पंधरा दिवस धरून चाला. फोनपेक्षा सकाळी नऊच्या आत स्वतः जाणे बरे, दुपारी बारा ते तीन भट्टी चालू असली तरी माणूस भेटत नाही. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर आणि इलेक्ट्रॉनिक पाट्या ते घेत नाहीत, त्यासाठी आग्रह करू नये. जात्याला टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीने त्याचे दगड पुन्हा खडबडीत करणारा, माणूसही त्यांच्याकडे नाही, तो निराळा शोधावा लागतो. रिवाइंडिंगवर ते तोंडी सहा महिन्यांची हमी देतात. ती माझ्या बाबतीत एकदा, आठव्या महिन्यात बेअरिंग वाजू लागले तेव्हाही, त्यांनी पाळली. कागदावर हमी हवी असा हट्ट धरला तर ते तोंड वाकडे करतात, पण लिहून देतात.